शरदातली स्वस्त सजावट, झाडाखालच्या आणि घरातल्या सामानातून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पितृपक्ष अर्ध्यावर आला की इंदुरात ओळखीतल्या, शेजारच्या, नात्यातल्या सगळ्यांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात, तोरण कशाचं करू, काय सुकवून ठेवता येईल, मुलांकडून काय करून घेऊ, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिली आहेत. नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, सगळ्याला चालतील. हवा तो प्रश्न वाचा, क्रमाने वाचायची गरज नाही.

आपल्याकडे पानं तर आत्ता गळतच नाहीत, मग ऑटमची सजावट कशाची करायची?

हा प्रश्न सगळ्यात आधी घेते कारण बाकी सगळं याच्यावर आहे. मोबाईलवर जे फोटो दिसतात ना, लाल-केशरी पानांच्या रिंगा वगैरे, ती मेपल-ओकची पानं, थंड देशातली. आपल्या देशात तसा रंग बघायचा तर काश्मीरला चिनार बघायला जावं लागेल. माळव्यात पानगळ खरी होते ती शिशिरात, फेब्रुवारी-मार्चकडे. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पाऊस परत जातो, आभाळ एकदम निळं होतं, दुपारी ऑक्टोबर हीट भाजून काढते आणि शेतात सोयाबीनची काढणी चालू असते. या दिवसांत आपल्याकडे काय असतं ते बघा: झेंडू, शेवंती, पांढरे कासाचे तुरे, भुट्ट्याच्या साली, लाल भोपळा, ज्वारीची कणसं, पहाटे सडा पडलेला प्राजक्त. एवढं सगळं असताना प्लास्टिकची मेपलची पानं विकत आणून दाराला लावायची काय गरज आहे? मला तर ते मनापासून नको वाटतं. रंग हवाच असेल तर क्रोटनची पानं घ्या, कुंडीत बारा महिने लाल-पिवळी असतात. नाहीतर देशी बदामाच्या झाडावर लक्ष ठेवा, थंडी पडू लागली की त्याची पानं सुंदर लाल होऊन पडतात, पण ती दिवाळीनंतरच मिळतील असं धरून चाला.

एकूण खर्च किती येतो?

सुतळीचा गोळा, फेविकॉलची छोटी बाटली, थोडा गेरू आणि खडी (खडूसारखी पांढरी माती), पतंगी कागदाचे चार ताव. शंभर-दीडशे रुपयांत दिवाळीपर्यंतचं भागतं. फुलं धरली नाहीत यात, कारण झेंडूचा भाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून फुलं दोन दिवस आधी घ्या, कळ्या जरा घट्ट असलेली बघून.

इंदुरात सामान कुठून गोळा करायचं?

झेंडू-शेवंती किलोने हवी तर चोइथराम मंडीत सकाळी लवकर जा, कॉलनीतल्या ठेल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, दोन-तीन घरांनी मिळून आणलं तर अजूनच बरं. भुट्ट्याच्या साली भुट्टेवाल्याला विचारून घ्या, त्याला त्या फेकायच्याच असतात. भुट्ट्याचा कीस घरी होतच असणार, मग तर साली घरातच आहेत. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, काचेच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या आणि कुरिअरचे खोके देण्याआधी एकदा नजर टाका, अर्धं सामान तिथेच सापडतं. झाडाखाली पडलेलं उचलायचं, झाडावरचं ओरबाडायचं नाही, ही एकच गोष्ट मी सगळ्यांना सांगते.

कासाच्या तुऱ्यांबद्दल मात्र वेगळं सांगायचंय. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्ही जागा २०२२ सालापासून रामसर यादीत आहेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, तिथल्या काठच्या गवतात पक्षी राहतात, घरटी करतात, तेव्हा तिथून कास कापून आणू नका. राळामंडळ तर अभयारण्य आहे, तिथून काहीच उचलायचं नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही. कास बायपासच्या कडेच्या रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या काठाने भरपूर उगवतं, तिथून घ्या. तुरे पूर्ण फुलायच्या आत, नुसते चंदेरी दिसत असताना कापायचे, फुलून पांढरे झाले की घरभर म्हाताऱ्या उडतात. आणि तुऱ्यांवर लांबून थोडा हेअर स्प्रे मारला तर गळणं खूप कमी होतं.

भुट्ट्याच्या सालीचं नेमकं काय काय होतं, आणि ती तुटते त्याचं काय?

तुटते कारण कोरडी असताना वळवली जाते. साल सोलताना सगळ्यात बाहेरच्या दोन-तीन जाड हिरव्या साली बाजूला काढा, त्या कामाच्या नाहीत, आतल्या मऊ फिक्या साली घ्या. त्या वर्तमानपत्रावर एकेक सुट्या पसरून सावलीत वाळवायच्या, उन्हात टाकल्या तर गुंडाळ्या होतात. वाळल्या की कागदी पिशवीत वर्षभर राहतात. काम करायच्या वेळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवायच्या, मग त्या कापडासारख्या होतात, हव्या तशा वळतात.

फूल करायचं तर साल आडवी धरून दोन बोटं रुंद पट्टी कापा, तिच्या एका काठाला कात्रीने बारीक बारीक झालर पाडा, खराट्याच्या हिराच्या टोकाभोवती ती गुंडाळत न्या आणि खाली दोऱ्याने घट्ट बांधा, हा झाला मधला केसर. त्याच्याभोवती पाकळीच्या आकारात कापलेल्या पाच-सहा साली एकावर एक थोड्या चढवत बांधायच्या. ओली असतानाच पाकळीचं टोक पेन्सिलीवर गुंडाळून बाहेर वळवून ठेवा, वाळली की ते वळण तसंच राहतं. असं एक फूल करायला हात बसला की पाच मिनिटं लागतात. भुट्ट्याचे केसही टाकू नका, वाळले की तांबूस होतात, मधल्या केसराला ते लावले तर फार छान दिसतं. मोठ्या सालींची तिपेडी वेणी घालून गोल जोडली की दारावरची रिंग तयार, तिच्यात ही फुलं खोचायची.

रंग कोणता द्यायचा? बाजारचा रंग नको असेल तर?

स्वयंपाकघरातले रंग सुंदर येतात पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हळद एकदम झगझगीत पिवळा देते आणि उन्हात तितक्याच लवकर उडते, तेव्हा हळदीचं काम आत लावा, दारावर उन्हात नको. बीटाचा गुलाबी रंग तर बघता बघता मातकट होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. टिकणारा म्हणाल तर कांद्याच्या सालींचा. जितकं रंगवायचं तेवढ्याच वजनाच्या वाळक्या साली, बुडतील इतकं पाणी, अर्धा-पाऊण तास उकळायचं, गाळायचं, त्यात तुरटीचा खडा विरघळवून घ्यायचा आणि कापड किंवा भुट्ट्याच्या साली त्यात रात्रभर ठेवायच्या, केशरी ते विटकरी असा रंग येतो, शरदाला अगदी शोभणारा. चहाचा चोथा उकळून बदामी रंग येतो. झेंडूच्या पाकळ्या उकळून तुरटी घातली तर पिवळा, हा हळदीपेक्षा जास्त टिकतो, निर्माल्याच्या फुलांचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे असं माझं मत. रंगवायचं भांडं वेगळंच ठेवा, स्वयंपाकाचं घेऊ नका.

झेंडूचं तोरण दोन दिवसांत काळं पडतं, काय करू?

बहुतेक वेळा ते पाण्याने होतं. ताजं दिसावं म्हणून लोक फुलांवर पाणी मारतात, ते पाकळ्यांच्या आत साठतं आणि फूल आतून कुजतं. फुलं ओवायच्या आधी धुवू नका, सुपात पसरून ठेवा. सुई देठाच्या जाड हिरव्या भागातून न्या, पाकळ्यांतून नेली की फूल सुटं होतं. रात्री ओवून ठेवायचं असेल तर ओल्या पंचात गुंडाळून, पंचा घट्ट पिळलेला हवा, टपकणारा नाही. आंब्याची पानं मधे घालायची तर दुमडून देठानेच टाचता येतात, स्टेपलर लागत नाही.

तोरण उतरवल्यावर फेकू नका, तसंच सावलीत वाऱ्याला टांगा. वाळलेला झेंडू गडद सोनेरी होतो, पाकळ्या बरणीत भरून ठेवल्या की रांगोळीला, दिव्याच्या ताटाला, रंगाला, सगळ्याला कामी येतात. बुडातल्या काळ्या काड्यांसारख्या बिया जूनमध्ये पेरता येतात. मंडीतला मोठा झेंडू बहुतेक हायब्रिड असतो, त्याच्या बियांपासून तसंच फूल येईल असं नाही, पण झेंडू येतो.

फुलं-पानं सुकवताना बुरशी का धरते?

कारण घाई. पाऊस पुरता गेलेला नसताना, सप्टेंबरात, हवेत ओल असते, तेव्हा सुकवायला ठेवलेलं हमखास बिघडतं. इंदुरात ऑक्टोबर लागला की हवा कोरडी होते, तेव्हाच सुरू करा. जुड्या लहान बांधायच्या, पाच-सात काड्यांच्या, खालची पानं काढून, उलट्या टांगायच्या, अंधाऱ्या पण वारा खेळणाऱ्या जागी, जिन्याखाली, माळ्याच्या तोंडाशी. रबरबँडने बांधा कारण देठ वाळून बारीक होतात आणि दोरा सैल पडून जुडी खाली येते. दोन-तीन आठवडे लागतात. देठ वाकवल्यावर कट्‌कन तुटला म्हणजे झालं.

सपाट पानं हवी असतील तर वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जाड पुस्तकं किंवा पाटा, आणि पहिले चार-पाच दिवस दर दोन दिवसांनी कागद बदला, हे बदलणं लोक विसरतात आणि मग पानावर डाग पडले म्हणतात. ज्यांना पानं मऊच राहायला हवीत त्यांनी ग्लिसरीन वापरावं, केमिस्टकडे मिळतं, एक भाग ग्लिसरीन दोन भाग गरम पाणी, जाड पानांच्या फांदीचं टोक ठेचून त्यात उभं ठेवायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत पानं तपकिरी, चकचकीत होतात आणि वर्षानुवर्षं चुरत नाहीत.

पिंपळाचं जाळीचं पान घरी होतं का?

होतं, पण घरातल्यांना वासाची आधी कल्पना द्या. पिकलेली नाही आणि कोवळीही नाही, अशी जून धड पानं जुन्या बादलीत पाण्यात बुडवून गच्चीवर किंवा मागच्या अंगणात ठेवायची, तीन-चार आठवडे, पाणी चार-पाच दिवसांनी बदलत. हिरवा भाग बोटाने सुटायला लागला की पान ताटलीत घेऊन बारीक धारेखाली मऊ जुन्या टूथब्रशने हलकं थोपटायचं, घासायचं नाही, शिरा फाटतात. देठाकडून टोकाकडे. राहिलेली जाळी कागदांत दाबून वाळवा. दिवाळीला हवी असेल तर पितृपक्षातच भिजत घाला. ती पानं काचेच्या बरणीला आतून चिकटवली आणि आत एलईडीची माळ सोडली की रात्री भिंतीवर शिरांची सावली पडते. वर्षभर नुसती बघत बसाल.

लाल भोपळा कोरून आत दिवा लावू का?

मी तर नाहीच सांगणार. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत पाणी सोडतो, चिलटं येतात, आणि खायची वस्तू वाया जाते ते वेगळंच. अख्खा भोपळा, देठासकट, साल टणक असलेला, कोरड्या जागी ठेवला तर महिना-दोन महिने काहीही होत नाही. तो टोपलीत ठेवा, भोवती ज्वारीची कणसं, कांदे, शेवंती, आणि वरून खडीने वेलबुट्टी काढायची असेल तर काढा, धुतली जाते. सण झाला की घारगे करा, नाहीतर भाजी. सजावटीतलं जे पानात जातं त्याच्यासारखं स्वस्त काय असणार!

बाकी भाज्यांचं असंच काही?

गिलकी, म्हणजे आपलं घोसाळं, वेलीवर पूर्ण वाळू द्या, साल काढली की आत जाळी निघते, तिच्या चकत्या कापून दोऱ्यात ओवल्या की लेससारखी माळ होते. जून झालेली भेंडी देठासकट वाळवली तर शिवणीवर उकलते, छान पट्टेरी दिसते. संत्र्या-मोसंबीच्या पाव इंच चकत्या जाळीवर पातळ पंचाखाली उन्हात चार-पाच दिवस, रात्री आत घ्यायच्या, किंवा ओव्हनमध्ये शंभर डिग्रीवर तीन-चार तास, उलटत. उजेडात धरल्या की रंगीत काचेसारख्या दिसतात.

ओटीचे ब्लाऊज पीस साठलेत, त्यांचं काही होईल का?

ते तर प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात गठ्ठ्याने असतात, एकमेकींना फिरत राहतात आणि शिवत कोणीच नाही. खण असेल तर सोनंच, त्याचे तिकोनी पताके कापून जुन्या साडीच्या काठावर शिवून टाका, हाताने धावदोरा घातला तरी पुरे, एकदा केलेलं तोरण दहा वर्षं चालतं. साधे सुती पीस वरच्या कांद्याच्या रंगात बुडवा म्हणजे सगळ्यांचा एक मेळ बसतो. जुन्या साडीचा काठ, महेश्वरी असो की चंदेरी, जर काळी पडली असली तरी टाकू नका, बरणीच्या गळ्याला, कुंडीला, आरतीच्या ताटाच्या कडेला लावला की त्या वस्तूचं रूपच बदलतं. आजीच्या साडीला हात लावायच्या आधी मात्र घरात विचारा, कोणाचा कशात जीव असतो ते आपल्याला माहीत नसतं.

लग्नपत्रिकांचा जाड सोनेरी कागद आपट्याच्या पानांना अगदी योग्य, त्याचं खाली सांगते. फुटक्या-जुन्या बांगड्यांवर लोकर गुंडाळून एकाखाली एक टांगल्या की लटकन. बाटलीचं लेबल निघत नसेल तर गरम पाण्यात भिजवून वरचा कागद काढा, उरलेल्या चिकटावर खायचा सोडा आणि गोडं तेल सारखं कालवून दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या घासणीने घासा.

आकाशकंदील घरी करायचा तर सगळ्यात सोपा कोणता?

पारंपरिकच करा, दिसतो अवघड पण आहे सोपा. चोवीस सारख्या लांबीच्या काड्या लागतात, बांबूच्या कामट्या असल्या तर उत्तम, नसल्या तर नव्या खराट्याचे हीर, दोन-दोन उलटसुलट एकत्र बांधून, कारण हीर एका टोकाला बारीक असतो. वीतभर लांबी पुरे. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधा. मग एक चौकोन आडवा ठेवून त्याच्या चारही कोपऱ्यांना चार चौकोन एकेका कोपऱ्याने बांधा, ते चार आपापसात कोपऱ्यांनी जोडा, आणि वरून सहावा. कोपऱ्याला फक्त कोपरा बांधायचा, बाजूला बाजू नाही, इथेच गोंधळ होतो. बरोबर बांधलं की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, आणि डुगडुगणारा सांगाडा शेवटच्या गाठीला एकदम ताठ उभा राहतो. मुलांना तो क्षण बघू द्या.

चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद, त्रिकोणांना दुसरा, खालचा चौकोन मोकळा, वरच्यात वायर जाईल एवढं भोक. चिकटवायला घरची खळ: एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल असं घालून मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. कसर लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत, ते विषारी असतं, मुलं असलेल्या घरात घालू नका, लागेल तेवढीच खळ करा आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवा. शेपट्यांना झिरमिळ्या उरलेल्या कागदाच्या. आत फक्त एलईडी बल्ब, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेटू शकतो.

मुलींसाठी संजा करायची आहे, घरी कोणालाच येत नाही.

हे विचारलंत ते फार बरं वाटलं. संजा ही माळव्याची, पितृपक्षाच्या सोळा दिवसांत मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती करतात, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, संध्याकाळी गाणी-आरती-प्रसाद, शेवटी किल्लाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती, होतो आणि सर्वपित्री अमावास्येनंतर सगळं काढून विसर्जन. आता छापील कागदाची संजा बाजारात मिळते पण हाताने केलेलीची मजा तिच्यात कुठून येणार. फ्लॅटमध्ये भिंत खराब होईल ही भीती असते, तर कुरिअरच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याला गेरूचा हात द्या, शेण मिळत नसेल किंवा नको असेल तर काळी माती आणि थोडी खळ मळून घ्या, तिच्या बोटाएवढ्या वळ्या करून चंद्र-सूर्य आणि त्या दिवसाची आकृती काढा. माती ओली असतानाच गुलबक्षी, तेरडा, झेंडूच्या पाकळ्या दाबायच्या. रोज जुनी खरवडून त्याच पुठ्ठ्यावर नवी.

आणि संजा संपली की लगेच आपला भोंडला येतो, इंदूरच्या मराठी मुलींना दोन्ही मिळतं, हे किती मोठं भाग्य आहे. भोंडल्याच्या पाटावरचा हत्ती गव्हा-तांदळाने, डाळींनी भरा, भोवती भुट्ट्याच्या सालीची फुलं, वर छोट्या फळांची माळ टांगा. धान्य नंतर पाखडून पाखरांना.

दसऱ्याला आपट्याची पानं सजावटीला किती आणायची?

पूजेपुरती, बस. दरवर्षी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणतात, पुष्कळदा तर आपटा समजून कांचनची तोडतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कचऱ्यात. वाटायला आणि तोरणाला सोनेरी लग्नपत्रिका दुमडून जोडपान कापा, घडीच्या रेषेवर देठ, वर मधे खाच, दोन्हीकडे गोलवा. मागे मुलांच्या हाताने नाव लिहिलं तर लोक जपून ठेवतात. आपल्याकडे शमीही देतात सोनं म्हणून, तिचंही हेच, एक डहाळी पुरते.

कशाला हात लावू नये?

गुंजा. लाल-काळ्या इतक्या सुंदर असतात की माळेत ओवायचा मोह होतो, पण बी भयंकर विषारी आहे, भोक पाडलं किंवा चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, लहान मुलं असलेल्या घरात आणूच नका. कण्हेर, पिवळी आणि गुलाबी दोन्ही, आणि धोतऱ्याची काटेरी फळं, हेही विषारी, मुलांच्या हाती नको, आणि मोठ्यांनीही हाताळल्यावर हात धुवायचे. तिसरं गाजर गवत. पावसानंतर प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर त्याची बारीक पांढरी फुलं असतात, पुष्पगुच्छात घालतात त्या नाजूक फुलांसारखी दिसतात म्हणून बरेच जण तोडून आणतात, त्याने अंगाला खाज, पुरळ, दम्याचा त्रास होतो. बारीक पांढरं हवं असेल तर कास घ्या.

कोजागिरीला काय करावं?

फार काही नको. गच्चीवर पांढरी चादर, पितळी घंगाळात किंवा परातीत पाणी, त्यात प्राजक्त, पण पहाटे वेचलेला नको, त्याच रात्री उमलणारा हवा, फांदी हलकी हलवली की पडतो. सकाळचा प्राजक्त रात्रीपर्यंत तपकिरी होतो. कोपऱ्यात बरणीत कासाचे तुरे. चांदण्यात पांढऱ्याला दुसऱ्या कशाची गरज पडत नाही. दूध आटलं की लाईट बंद करा.

वाळक्या सामानाजवळ दिवे लावले तर चालतील?

नाही. कास, भुट्ट्याची साल, वाळका झेंडू, हे सगळं सरपणच आहे. तेलाचा दिवा वाळक्या सजावटीपासून किमान हातभर लांब, वर काही लोंबत नसेल अशा जागी, खाली ताटली, आणि घरात माणूस असतानाच. रिंगेत, बरणीत, कंदिलात एलईडी. पणत्या मागच्या वर्षीच्या असतील तर सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तेलकटपणा काढा, वाळवून गेरू द्या, नव्यासारख्या होतात. नव्या पणत्या लावण्याआधी दोन-तीन तास पाण्यात ठेवा, तेल कमी पितात.

थर्माकोल, ग्लिटर वापरावं का?

सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तेव्हा तो विषयच नाही. ग्लिटर हे बारीक प्लास्टिक, घरातून कधीच पुरतं निघत नाही. चमक हवी तर पत्रिकांचा कागद आणि जुनी जर आहे की.

भाड्याचं घर आहे, खिळे मारता येत नाहीत.

पडद्याची रॉड, खिडकीचे गज, दाराच्या वरच्या फटीत अडकवलेली सुतळी. भिंतीला टेप लावू नका, पेंट उपटतो. वाळकी फांदी जड बरणीत वाळू भरून उभी केली की तिलाच सगळं टांगता येतं.

ज्वारीच्या कणसांना, बियांना किडे लागतात.

आणल्या आणल्या पिशवीत बांधून डीप फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, मग एक दिवस कडक ऊन. ठेवणीच्या डब्यात कडुनिंबाची वाळलेली पानं टाका.

सण झाल्यावर हे सगळं कुठे टाकायचं?

इथे इंदूरकरांना सांगायला नको, २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर आहे आपलं, तरी दिवाळीनंतर गाडीत फुलांच्या माळा नायलॉनच्या दोऱ्यासकट टाकलेल्या दिसतातच. म्हणून सुरवातीपासून सुती दोरा किंवा सुतळी वापरा. नुसती फुलं-पानं-साली ओल्या कचऱ्यात, देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्लांटमध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करायची क्षमता आहे, तिथे त्याचा उपयोग होतो. फेविकॉल, रंग, जर लागलेलं सुक्यात. कुंडी असेल तर वाळका झेंडू आणि पानं चुरून माती-शेणखताबरोबर थर देऊन ठेवा, उन्हाळ्यापर्यंत खत होतं.

पुढच्या वर्षासाठी काय ठेवायचं आणि कसं?

कापडी तोरणं, पणत्या, जाळीची पानं, कंदिलाचा सांगाडा, भुट्ट्याची फुलं. कास आणि संत्र्याच्या चकत्या ठेवू नका, पावसाळ्यात ओलावा धरतात. पतंगी कागद सोलून काढून सांगाडा तसाच माळ्यावर टांगा, पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. भुट्ट्याची फुलं बुटाच्या खोक्यात सुती कापडात, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एखादं ऊन पडलं की खोका उघडून दाखवा, आणि खोक्यावर स्केचपेनने काय आहे ते लिहून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी दिवाळीच्या साफसफाईत ते अटालेवाल्याला देणार नाही.